खास वाटी

"मांस तर हवंच, पण कवचही हवंय," ती म्हणाली. "नव्या घराच्या दिवाणखान्यात लावायचंय."

खानावळीच्या मालकाने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले. "कवच आम्ही ठेवत नाही, ताई. कशाला नसती भानगड? कासवाची खास वाटी खा आणि खूश व्हा."

"मग राहू दे. दुसरीकडे बघते."

तिने पर्स उचलली. शेजारी बसलेला नवराही उठला. बडा माणूस दिसावा म्हणून त्याने भावाचा कोट चढवला होता, तो काखेत काचत होता.

मालक घुटमळला. "थोडे दिवस लागतील."

"लागू देत. तुम्ही म्हणाल ती किंमत."

गाडीत बसल्यावर तिला हसू आवरेना. नदीकाठच्या कासव केंद्रात ती कामाला लागली, त्याच महिन्यात तिला या खानावळीमागच्या खड्ड्यात शेवाळलेल्या कवचांचा ढीग सापडला होता. तेव्हापासून हा माणूस तिच्या डोक्यात बसला होता. तिने दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा छाप्याची कुणकुण आधीच लागली आणि भांडी घासूनपुसून लख्ख मिळाली. इकडे खास वाटी खपतच राहिली आणि तिकडे यंदा वाळूत अंडी घालायला एकच मादी आली. तिला ती लाडाने आत्या म्हणायची.

"तुला केस करायचीय की सूड उगवायचाय?" नवऱ्याने विचारलं.

"दोन्ही. त्याच्या बायकोपोरांसमोर हातकड्या पडल्या तर सोन्याहून पिवळं."

"आत्यासाठी करतेस त्याच्या निम्मं माझ्या आईसाठी केलंस तर..."

"तुझ्या आईला कोणी शिजवत नाहीये," ती म्हणाली. त्याने गाडी सुरू केली.

मालकाचा निरोप येईना. तिचा जीव टांगणीला लागला. बेट्याला वास लागला की काय? न राहवून तिनेच फोन केला.

"रविवारी पाहुणे येतायत. जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा."

"माणूस लावलाय नदीवर, ताई. पण मिळायला हवं ना?"

"इतरांना बरं मिळतं!"

पलीकडे तो नुसताच खाकरला. कसा साळसूदपणाचा आव आणतो, असं तिच्या मनात आलं.

शनिवारी फोन वाजला. "मिळालं. उद्या या."

रविवारी वनखात्याची माणसं मागच्या दाराने शिरली, ती आणि नवरा पुढच्या. मोरीत धुतलेलं कवच पालथं निथळत होतं आणि चुलीवर पातेलं उकळत होतं. अधिकाऱ्याने मालकाचं मनगट धरलं. दारात त्याची बायको पदराने तोंड दाबून रडत होती. तिचं रडणं बघूनही हिला दया आली नाही. उलट गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

"आता कसं वाटतंय?" तिने त्याला विचारलं.



पुरावा म्हणून कवच पिशवीत घालायचं होतं. ते तिने स्वतःच उचललं आणि उजेडात धरलं. कडेला तीन खाचा होत्या. नदीत सोडताना खूण म्हणून तिनेच त्या कानशीने घासल्या होत्या.

"आत्या..." ती पुटपुटली. नवरा तिला धरायला पुढे झाला, तर त्याला झिडकारून तिने मालकाची गचांडी धरली.

"शेवटची होती रे ती! आजवर अशी किती शिजवलीस? बोल ना!"

"हिच्याआधी एकही नाही."

"खोटं बोलतोस? गावाला वाट्या कोण वाढतं?"

"कोंबडीच्या, ताई." तो म्हणाला. "कासवं मारायचे ते आमचे वडील. त्यांच्यानंतर ती मिळेचनात, पण गिऱ्हाईक सोडवेना. म्हणून मग कोंबडीच वाढत आलो. सगळे नावाला भुलून खायचे, कोणी कधी खात्री मागितली नाही."

त्याने तिच्या हातातल्या कवचाकडे पाहिलं.

"कवच मागितलं ते पहिलं गिऱ्हाईक तुम्ही."