रडवणारी गोष्ट

शाळा सुटल्यावरच्या मार्गदर्शन वर्गाची वही लेकीच्या दप्तरात सापडली आणि पहिलंच वाक्य वाचून आईचं डोकं भणाणलं. 'माझे बाबा रोज दारू पिऊन आईला मारतात.'

नवरा बेकरीत भट्टीवर. सोळा वर्षांत त्यानं कधी हात उगारला नव्हता. तरी तो घरी आल्यावर तिनं गुपचूप त्याच्या तोंडाचा वास घेतलाच. काही नाही. मग तिनं लेकीला गाठलं.

"हे कोणी लिहायला लावलं?"

"कोणी नाही. शनिवारी वर्गाला मदत देणारे पाहुणे येणारेत. ज्याची गोष्ट त्यांना रडवेल, त्याला लॅपटॉप. वर्गाच्या ताई म्हणाल्या, सुखी घरातल्या पोरीला कोण काय देणार? नीट आठवून बघ."

"आणि तुला हे आठवलं? बापाची अब्रू काढायला लाज नाही वाटली?"

"काढून काय उपयोग झाला? गोष्टींच्या तालमीत माझा दुसराच नंबर आला. शिंप्याच्या पोरीनं तिचे बाबा वारले म्हणून सांगितलं."

त्याच शिंप्यानं सकाळी आईला पडदे शिवून दिले होते.

लेक जवळ सरकली, लाडात आली.

"आई, शनिवारी तू मेलीस असं सांगू?"