आधी शिंपले

"माझं मडकं न्यायला आलेय," यिन्हुआ उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली.

होडीच्या फळीवर चाललेला छिउशेंगचा रंधा थांबला. शुनफू या चिनी कोळीगावातल्या त्या गल्लीत औषध उकळायचं मडकं उसनं न्यावं, पण परत नेऊन देऊ नये. परत देणं म्हणजे आजारच दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं. ज्याचं मडकं, त्याला गरज पडली की तोच येऊन नेतो.

छिउशेंगची बायको आजारी होती तेव्हा समोरच्या यिन्हुआने हे मडकं दिलं होतं. बायको गेली. त्यानंतर तीन वर्षांत यिन्हुआने हा उंबरा ओलांडला नव्हता. ती विधवा, तो एकटा आणि गल्लीला तोंडं फार. आपल्या दारात कालवं फोडता फोडता ती एवढंच विचारायची, "जेवलात का, मिस्त्री?" त्या एका प्रश्नावर त्याचा दिवस निघायचा.

रिकामं मडकं तो रोज घासून ठेवायचा. ती यावी असं त्याला फार वाटे. पण ती येणार मडक्यासाठी, म्हणजे आजारी पडूनच. मग त्याला स्वतःचीच लाज वाटे.

"काय होतंय, वहिनी?"

"झोप लागत नाही. छाती धडधडते."

त्याच्या बायकोचं दुखणंही असंच सुरू झालं होतं. यिन्हुआने हातातली कागदाची पुडी दाखवली. "कालवाच्या शिंपल्यांचं औषध आहे."

"या, बसा. इथंच उकळून देतो. शिंपले आधी टाकायचे, चांगला अर्धा तास. मुळं, पाला मागाहून. तुम्ही घाईत सगळं एकदम टाकाल."

"वा! तीस वर्षं कालवं फोडतेय मी, आणि शिंपल्यांचं मला शिकवा!"

पण ती आत आली. तो दार लोटायला गेला, तर म्हणाली, "असू द्या उघडं. बघू देत बघणाऱ्यांना."

तो चूल पेटवू लागला. हिला काही होऊ देऊ नकोस, तो मनात म्हणत होता. हवं तर ती परत कधीच न येवो.

शिंपले वेगळे काढायला त्याने पुडी सोडली. आत नुसते शिंपल्यांचे तुकडे होते. मुळं नाहीत, पाला नाही. तुकडे अजून ओले होते आणि एकाला हिरवं शेवाळ चिकटलं होतं. हे वैद्याकडचे नव्हते. तिच्याच दारातल्या ढिगातले, आज सकाळचे.

"वहिनी, मागाहून टाकायचं औषध कुठंय?"

यिन्हुआ मडक्याकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"मागाहूनचं मागाहून बघू. आधी हे तर उकळू द्या. अर्धा तास म्हणालात ना?"

छिउशेंगने मडक्यात शिंपले टाकले, आणि पाणी ओतलं ते दोन तास पुरेल इतकं.