कोपऱ्यातले ठिपके

डेल्फिनाने वही टेबलावर आपटली तशी भोपळ्याच्या बियांची टरफलं उडाली.

"चार सामने जिंकला, तेरा हरला," बेसबॉल संघाचे मॅनेजर डॉन रोसेंदो म्हणाले. "तुझ्या नवऱ्याचे आकडे काही मी बनवले नाहीत, डेल्फिना. बारा वाजता पुढच्या हंगामाची यादी लागेल. तीत आबुंदिओ नाही."

"आकडे अर्धंच सांगतात. ही वही बघा."

घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला ती पायरीवर बसून वही भरायची. आबुंदिओने टाकलेला एकेक चेंडू तीत होता. डोंगरावरच्या साकातेकास शहराच्या विरळ हवेत उगाच लांब गेलेल्या फटक्यांना निळी रेघ, साथीदारांनी सोडलेल्या झेलांना लाल फुली. फुल्या मोजवत नव्हत्या.

"मग हे तो स्वतः का नाही सांगत?"

"पिचरने आपल्याच माणसांवर खापर फोडायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत ना त्याला? बसलाय खाली, तोंड शिवून. छत्तिशीच्या माणसाला दुसरं कोण घेणार? पाया पडते तुमच्या, एकच हंगाम द्या." तिने वही पुढे सरकवली. "यातली एक खूण खोटी दाखवा, वही जाळून टाकते."

डॉन रोसेंदोंनी चष्मा चढवला. एके काळी ते पिचरसमोर बसून चेंडू पकडायचे. त्यात दोन बोटं कायमची वाकडी झालेली. त्यातलंच एक बोट पानांवरून फिरू लागलं.

"हा झेल तर माझ्या आईनेही घेतला असता," ते पुटपुटले. डेल्फिनाच्या जिवात जीव आला.

बोट एका चौकटीच्या कोपऱ्यात थांबलं. "हे ठिपके कसले?"

"काही नाही. पेन्सिल टेकली असेल."

त्यांनी पानं मागे उलटली. एप्रिलमध्ये सातव्या डावात एक ठिपका. जूनमध्ये पाचव्या डावापासून. शेवटच्या सामन्यात पहिल्याच डावात तीन.

"खांदा चोळतो तो," डॉन रोसेंदो म्हणाले. "आणि प्रत्येक वेळी तू लिहितेस."

डेल्फिनाने त्या ठिपक्यांवर हात ठेवला.

"अजून एक हंगाम चेंडू टाकले, तर त्या हाताने त्याला घासही उचलता येणार नाही, पोरी. तरी तू सांग. ठिपके खोटे आहेत एवढंच म्हण, आत्ता नाव लिहितो."

ती खिडकीशी गेली. म्हणायला दोन शब्दही पुरले असते, पण ते तोंडातून निघेनात. खाली पायऱ्यांवर बसलेल्या आबुंदिओने तिला पाहिलं आणि 'झालं का?' म्हणून हात वर केला. डावा. चेंडू टाकायचा उजवा मांडीवरच राहिला.

डेल्फिनाने डोळे पुसले. केसांत खोचलेली पेन्सिल काढली, शेवटच्या पानावर एक ठिपका दिला आणि वही मिटली.