तिसऱ्या गाण्यातली चूक

बँडचा एकुलता एक अल्बम, आणि त्यातल्या तिसऱ्या गाण्यात दादाचा ड्रमचा ठोका जरा घाईनं पडला होता. "एकदा परत घ्यायला हवं होतं," हे पालुपद त्यानं मरेपर्यंत सोडलं नाही. बँडमध्ये गाणारी त्याची धाकटी बहीण त्यावरून त्याला येता-जाता चिडवायची.

तो गेल्यावर एका दुपारी तिनं रेकॉर्ड लावली, ती केवळ त्या चुकीसाठी.

ठोका अगदी जागेवर पडला.

आपलेच कान म्हातारे झाले, असं म्हणत तिनं सुई मागे आणली. या खेपेला ठोका उशिरा पडला. तिला हसूच फुटलं. "अरे, होतं तेच बरं होतं की रे!"

तिनं पुन्हा सुई ठेवली आणि स्पीकरला कानच लावला.

ती जागा आली आणि गाणं थांबलं. गिटार थांबली, तिचा स्वतःचा कोवळा आवाजही थांबला. रेकॉर्ड मात्र फिरतच होती. आत कुणीतरी घसा खाकरला.

"परत घेऊ," दादा म्हणाला. "फक्त जरा मागे सरक, चिमे. तुझा श्वास इकडे ऐकू येतोय."