झील कोण धरणार

या, असे पुढं सरकून बसा. मागं राहिलात तर नुसती पेटीच ऐकू येईल, गोष्ट नाही. औरादच्या व्यंकटेशची गोष्ट सांगतो, चौऱ्याऐंशी सालची.

व्यंकटेश हैदराबादला परीक्षेच्या हॉलमध्ये बसला होता. पेपर अमेरिकेचा. पास झाला तर तिकडच्या विद्यापीठात पुढचं इंजिनिअरिंग, नाही तर घर. समोर शब्द होता 'गॅरुलस', म्हणजे बडबड्या. शब्द अगदी ओळखीचा. त्यानं तो मनातल्या मनात चालीवर म्हटला आणि थांबला. वर पंखा कुरकुरला. दुसरं काही आलं नाही. खालचे पर्याय परक्या वऱ्हाड्यांसारखे त्याच्याकडं बघत बसले. त्यानं शब्द परत म्हटला, जरा मोठ्यानं.

पर्यवेक्षक जवळ आले. "कव्वाली नक्को, मियाँ. इम्तिहान है."

आता हे असं कामून झालं, ते ऐका.

इंग्रजी शब्दांचं ते पुस्तक विटेएवढं जाड होतं आणि शब्द मोठे कोडगे. सकाळी घोकून बसवलेले जेवणाआधी पसार व्हायचे. ती घोकंपट्टी ऐकून ऐकून व्यंकटेशची आई, जानकीबाई, एकदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती खजुरीच्या कीर्तनकार बुवांची लेक. लहानपणापासून बापाच्या मागं उभी राहून झील धरलेली. बुवांनी पहिला चरण म्हणावा आणि मागच्यांनी पुढचा उचलावा, ती झील.

"असं कामून खेकसायलास रे पुस्तकावर?" ती म्हणाली. "गाऊन म्हण. तू बुवा हो, पुढं उभा राहा. तू शब्द टाक, मी मागनं अर्थ म्हणते."

अर्थ तिनं व्यंकटेशकडूनच एकेक विचारून घेतले. मग घरात रोज संध्याकाळी कीर्तन उभं राहू लागलं. वडील अच्युतराव, शाळेतून रिटायर झालेले मास्तर, पेटीवर. व्यंकटेशनं हात उंचावून "पार्सिमोनियस" म्हणावं आणि जानकीबाईनं टाळाच्या ठेक्यावर "चिक्कू गं बाई, चिक्कू" असं उचलावं. 'इफेमरल' म्हणजे क्षणभंगुर हे कळलं तेव्हा ती खूश झाली. "हा तर आपल्यातलाच हाय की," म्हणाली. शेजारच्या सिद्धव्वानं भिंतीपलीकडून इतकं ऐकलं की आठवडी बाजारात तिनं वांगीवाल्याला तोंडावर पार्सिमोनियस म्हटलं. बिचाऱ्यानं घाबरून वर मूठभर वांगी टाकली.

पोरगं अमेरिकेला गेल्यावर तुमचं कसं व्हायचं, असं कुणी विचारलं की जानकीबाई "पांडुरंगाची इच्छा" म्हणायची आणि कोरडेच हात पदराला पुसायची. एकुलता एक लेक. अमेरिकेला गेलेली पोरं पुढं पत्रातूनच घरी येतात, हे औरादलाही ठाऊक झालं होतं.

हैदराबादहून परतलेल्या व्यंकटेशनं चपला काढता काढताच सांगून टाकलं. "पेपर गेला. शब्द सगळे ओळखले, आई. अर्थ एकाचाबी आठवला न्हाई. मी आपला मनात शब्द टाकायलोय अन् वाट बघायलोय. तू होतीस कुठं तिथं? झील कोण धरणार?"

अच्युतराव इतके हसले की चष्मा पेटीवर पडला. "म्हणजे हिला बसवली असती तर हीच गेली असती की रे अमेरिकेला."

व्यंकटेशही हसला. आईला त्यानं एका शब्दानं बोल लावला नाही. "जाऊ द्या, अप्पा. बिदरला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जागा निघालीय. दर शनिवारी घरी येता येतंय."

जानकीबाईनं लगेच देवापुढं साखर ठेवली. व्यंकटेशनं पुस्तक टॉवेलानं पुसलं, पुसलेलं परत पुसलं, मग फळीवर पार मागं सरकवलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. आईनं जेवायला दोनदा हाक मारली. तो भूक न्हाई म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपल्यावर जानकीबाई स्टुलावर चढली. पुस्तक खाली काढून तिनं अच्युतरावांपुढं ठेवलं आणि टाळ व्यंकटेशच्या हातात दिले.

"आज तू मागं उभा राहा. पुढं मी."

"आई, मला अर्थ कुठं येतात?"

"म्हणूनच मागं. माझं लगीन झालं, मी इकडं नांदायला आले, अन् त्याच वर्षी तिकडं खजुरीच्या उत्सवात तुझे आजोबा अडले. भरल्या मंडपात. अभंग जन्माचा पाठ, पण दुसरा चरण तोंडात येईना. येणार कुठनं? तो कायम मीच उचलत होते."

व्यंकटेशच्या हातातले टाळ तसेच राहिले. "म्हंजे तुला ठाऊक होतं? पुढं उभारलं की अर्थ मागच्याकडंच राहतो म्हणून?"

"ठाऊक नसतं तर तुला पुढं कामून उभं केलं असतं रे?" जानकीबाई म्हणाली आणि तिनं पदर खोचला. "हं. गॅरुलस."

पुढच्या खेपेला व्यंकटेश पास झाला आणि गेला. तेव्हा मंडळी, कीर्तन संपल्यावर बुवांच्या पाया पडा, जरूर पडा. पण त्या माउलीचीही आठवण असू द्या, जिनं लेकाला पुढं उभं करून घरात अडवलं होतं आणि मागं उभं करून सातासमुद्रापार धाडलं.