खिरापत कुणालाच ओळखता येईना

भोंडल्याचा फेर थांबला आणि जुनमोनीनं बंद डबा वाजवून दाखवला.

"करंज्या?" "चिरोटे?" बायका एकेक नाव घेत होत्या, ती हसून मान हलवत होती. आसामहून या कॉलनीत आल्यापासून ती फेर धरायची. पण पदार्थांची नावंच ठाऊक नसल्यानं खिरापत ओळखायच्या वेळी मुकाट मागे सरायची. हे कारखानीसकाकूंनी हेरलं आणि यंदाची खिरापत महिला मंडळानं तिच्यावर सोपवली.

"हरलो बाई," शेवटी सगळ्या म्हणाल्या.

"तिल पिठा," तिनं सांगितलं. तांदळाच्या पिठाच्या, आत तीळगूळ भरलेल्या त्या सुरळ्या बघता बघता संपल्या.

बोटं चाटत काकू कुरकुरल्या, "पुढच्या वर्षी जरा सोपी आण गं."

जुनमोनीनं रिकामा डबा पोटाशी धरला. तिला त्यातलं 'पुढच्या वर्षी' एवढंच ऐकू आलं होतं.