जिन्याचा निकाल

"परवाना रद्द," अधिकारीबाईंनी वाचलं आणि काकूंच्या जिवात जीव आला.

टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेकेदार पडेल चेहऱ्याने उभा होता. काकूंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अर्ध्या तासापूर्वी बाहेरच्या बाकावर हाच माणूस त्यांची मनधरणी करत होता. "काकू, तक्रार मागे घ्या. सोमवारी माणसं लावतो, आठ दिवसांत जिना उभा करतो." काकू ताडकन म्हणाल्या होत्या, "तुझे आठ दिवस मी चार महिने मोजतेय. आता वरून हुकूम होऊ दे, मग बघू कसा बांधत नाहीस ते."

चार महिन्यांपूर्वी त्याने काकूंच्या घरातला उभट जिना फोडला होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून काकांचा डावा पाय उचलत नव्हता, म्हणून बुटक्या पायऱ्यांचा, दोन्हीकडे कठडा असलेला नवा जिना करायचा होता. "खाली धूळ उडेल, काकांना वरच बसू द्या. तीन दिवसांत तात्पुरता लाकडी जिना लावून देतो," असं म्हणून त्यानेच काकांना दंडाला धरून वर नेलं. संध्याकाळपर्यंत जिना पाडला आणि दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या हातावर तुरी दिल्या.

तेव्हापासून काका वर आणि जग खाली. काकू शिडीवरून जेवणाचा डबा पोचवत. साठी उलटलेली बाई एका हातात डबा धरून शिडी चढते म्हटल्यावर शेजारपाजारचे हळहळले. खुर्चीला बांधून काकांना दोराने खाली घेऊ, असंही चौघे म्हणाले. काका भडकले, "मी माणूस आहे का कपाट? जिन्याने आलो, जिन्याने जाईन."

दुसरा गवंडी बघावा, तर ठेकेदारांना परवाने देणाऱ्या याच कचेरीने तक्रार घेताना बजावलं होतं की पाहणी होईपर्यंत जागेला हात लावू नका. काकूंनी लावला नाही. सांगितलेलं ऐकायचं, ही त्यांची जन्माची खोड.

"सही करा इथं," अधिकारीबाई म्हणाल्या. काकूंनी झोकात सही केली.

"मग सोमवारपासून ना?"

"काय सोमवारपासून?"

"जिना. याने कामाला कधी यायचं, ते लिहिलंय ना त्यात?"

अधिकारीबाईंनी चष्मा काढला. बाई वाईट नव्हत्या, उलट चारही तारखांना त्यांनी काकूंना आधी बसायला खुर्ची दिली होती. "काकू, परवाना रद्द झालाय त्यांचा. आता ते कुणाचंच काम करू शकत नाहीत. तुमचंही नाही."

काकूंना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"पण मी तर जिन्यासाठीच आले होते."

"परवाना द्यायचा किंवा काढून घ्यायचा, आमचा हात तेवढ्यापुरताच पोचतो. काम पुरं करून घेणं, नुकसान भरून घेणं, ते कोर्टाचं. आम्ही त्यांना एक वीटसुद्धा लावायला सांगू शकत नाही."

"चार महिन्यांत कुणी बोललं नाही मला."

"तुम्ही विचारलं नाहीत. अर्जात 'कडक कारवाई व्हावी' असं लिहिलं होतंत." अधिकारीबाईंचा आवाज खाली आला. "ती आम्ही केली."

काकूंनी जन्मभर गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे शिवले होते. कपडा बिघडला, गिऱ्हाईक ओरडलं, तर उसवायचा आणि पुन्हा शिवून द्यायचा. ओरडण्याचा याहून वेगळा शेवट असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ज्याचा कपडा त्याला नाही आणि शिंप्याची कात्री तेवढी जप्त, असला न्याय त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"मग दुसऱ्याकडून करून घेऊ?"

"कोर्टात जाणार असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय नको. तिकडूनही पाहणी होईल. जागा आहे तशी ठेवलेली बरी."

"किती दिवस?"

अधिकारीबाईंनी पुढची फाईल ओढली आणि ती न उघडताच परत ठेवली. "दिवसांत नाही सांगता येणार, काकू."

काकू एकदम ठेकेदाराकडे वळल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा सूर उतरला होता. "अरे, तू म्हणालास ना आठ दिवस? मी घेते तक्रार मागे. आत्ता घेते."

"आता काय मागे घेता?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, तोही हबकला होता. "सही झाली तुमची. आता तुमच्या घरात मी घमेलं उचललं तरी गुन्हा आहे."

तो निघून गेला. त्याच्यामागे दार आपसूक लागलं.

काकू बाहेर बाकावर येऊन बसल्या. हातातल्या हुकमावर गोल शिक्का होता, अजून ओला. तेवढ्यात फोन वाजला. काकाच होते.

"काय झालं गं?"

"आपल्या बाजूने लागला निकाल," काकू म्हणाल्या. खोटं नव्हतं ते.

"वा! मला खात्रीच होती." पलीकडे काका धडपडत उठल्याचा, पलंग करकरल्याचा आवाज आला. "आता त्याचे ते नेहमीचे आठ दिवस म्हणजे काहीच नाही. आता उतरल्या उतरल्या कोपऱ्यापर्यंत चालत जाणार बघ मी. बरं, माझ्या चपला कुठे ठेवल्यास? मघापासून शोधतोय."

काकूंनी हुकूम उलटा करून मांडीवर ठेवला.

"अगं, चपला कुठे आहेत?"

"खाली," काकू म्हणाल्या.